जिना चढला की लॅपटॉपचं नेट का जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुमजली घर. खाली हॉलमध्ये इंटरनेट कंपनीने बसवलेला फायबरचा डबा, त्यातच वायफाय. वर रेंज पोचत नाही म्हणून वरच्या खोलीत दुसरा राउटर आणून लावला, खालून वर लॅनची वायर नेली आणि सोयीसाठी दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला. खाली काम करता करता लॅपटॉप घेऊन वर गेलं की रेंज पूर्ण दिसते, पण नेट चालत नाही. वायफाय बंद करून चालू केलं की लगेच चालतं. खाली आलं की पुन्हा तेच. मोबाइलला हा त्रास नाही. तर लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलावं का, की नवा ड्रायव्हर टाकावा?

कार्ड बदलू नका, ड्रायव्हरच्याही मागे सध्या लागू नका. दुखणं कुठे आहे ते तुम्हीच लिहिलेल्या दोन गोष्टींवरून कळतं: रेंज पूर्ण असूनही नेट नाही, आणि वायफाय बंद-चालू केलं की लगेच येतं. म्हणजे रेडिओचं काम ठीक चाललंय, गडबड आयपी पत्त्याची आहे. तुमच्या घरात एक नेटवर्क नाही, दोन आहेत, आणि दोघांना तुम्ही एकच नाव दिलंय. आधी ती दोन नेटवर्कं एक करा. लॅपटॉपच्या सेटिंगला हात लावायची वेळ आलीच तर सगळ्यात शेवटी.

आत काय घडतं ते नीट सांगतो, कारण ते एकदा कळलं की उपाय पाठ करावे लागत नाहीत. खालचा डबा घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटतो. समजा त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.२९.१ आहे आणि बाकीच्यांना तो १९२.१६८.२९ पासून सुरू होणारे पत्ते देतो. वरचा राउटर तुम्ही दुकानातून आणला आणि खालून आलेली वायर त्याच्या ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या पोर्टात घातली. त्याला कोणी काही सांगितलं नाही, म्हणून तो पूर्ण राउटर म्हणूनच वागतो. खालच्याकडून स्वतःपुरता एक पत्ता घेतो आणि आपल्या मागे वेगळंच नेटवर्क मांडतो, समजा १९२.१६८.० पासून सुरू होणारं. पत्ते वाटणाऱ्या या सेवेला डीएचसीपी म्हणतात. तुमच्या घरात दोन डीएचसीपी चालू आहेत आणि एकाला दुसऱ्याचे पत्ते ठाऊक नाहीत.

आता लॅपटॉप वर जातो. वायफायच्या हिशेबात नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सारखा असला की ते एकच नेटवर्क. एकाच नावाची पाटी लावलेली दोन स्टेशनं असावीत तसं हे आहे: पाटी वाचून उतरलात, पण तुमच्याजवळचा घराचा पत्ता दुसऱ्या गावचा. लॅपटॉप खालून मिळालेला १९२.१६८.२९.१५ हा पत्ता धरून ठेवतो आणि बाहेर जाण्यासाठी १९२.१६८.२९.१ ला शोधतो. वरच्या नेटवर्कमध्ये त्या पत्त्याचं कोणी नाही, म्हणून उत्तर येत नाही. रेडिओ जोडलेला असल्याने पडद्यावर रेंज मात्र छान दिसत राहते. तुम्ही वायफाय बंद-चालू करता तेव्हा तो पत्त्याची चौकशी पहिल्यापासून करतो, वरचा पत्ता मिळतो आणि नेट सुरू होतं.

मग हे प्रत्येक लॅपटॉपला आणि प्रत्येक वेळी का होत नाही? त्याचं उत्तर डीएचसीपीच्या नियमांत आहे, म्हणजे १९९७ सालच्या आरएफसी २१३१ या दस्तऐवजात. लॅपटॉपने जुनाच पत्ता चालू ठेवायची विनंती केली आणि तो पत्ता या नेटवर्कचा नाहीच हे राउटरला कळलं, तर त्याने स्पष्ट नकार द्यावा, असं तो नियम सांगतो. पण त्या उपकरणाची आपल्याकडे नोंदच नसेल तर राउटरने गप्प राहावं, असंही त्यात आहे. नकार आला तर लॅपटॉप काही सेकंदांत नवा पत्ता मागतो आणि तुम्हाला फक्त एक अडखळ जाणवते. उत्तरच आलं नाही तर मुदत संपेपर्यंत जुना पत्ता वापरायची त्याला मुभा आहे. घरगुती राउटरवर ही मुदत बऱ्याचदा २४ तासांची असते, आणि निम्मी मुदत उलटेपर्यंत स्वतःहून विचारायला जायची लॅपटॉपला गरज नसते. राउटर कोणत्या बनावटीचा, लॅपटॉपवर कोणती प्रणाली, जागा बदलल्यावर तो विनंती पाठवतो की नाही, यावर सगळं ठरतं. म्हणून एकाच घरात तुमचा लॅपटॉप अडतो आणि पाहुण्यांचा अडत नाही.

मोबाइलचं म्हणाल तर त्यालाही त्रास होत असण्याची दाट शक्यता आहे. वायफायवरून नेट येत नाही असं दिसलं की आजचे फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. डेटा बंद करा, फोन हातात घेऊन जिना चढा आणि एखादं पान उघडून पाहा. वरच्या मजल्यावर महिन्याचा डेटा भराभर का संपतो, याचंही उत्तर कदाचित तिथेच मिळेल.

काही बदलण्याआधी एकदा खात्री करून घ्या. वर जाऊन नेट बंद पडलं की लगेच वायफाय बंद-चालू करू नका, कारण तसं केलंत की पुरावा पुसला जातो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ ही आज्ञा द्या. वायफायच्या भागात तीन ओळी बघायच्या: तुमचा पत्ता, गेटवेचा (ज्या राउटरमधून लॅपटॉप बाहेर जातो त्याचा) पत्ता आणि डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेचा) पत्ता. त्या कागदावर लिहा. मग वायफाय बंद-चालू करून नेट आल्यावर तीच आज्ञा पुन्हा द्या. दोन वेळचे गेटवे वेगळे निघाले तर निदान पक्कं झालं. मॅक असेल तर ऑप्शनचं बटण दाबून धरून वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा. पत्ता, गेटवे, चॅनल आणि रेंजचा आकडा तिथेच दिसतो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रकार वेगळा. तो पत्ता लॅपटॉपने स्वतःच घेतलेला असतो, कारण कोणीच दिला नाही. म्हणजे वरच्या डब्यापासून डीएचसीपीपर्यंतची वाट तुटलीय: वायर सैल, पोर्ट खराब किंवा खालचा डबा बंद. पत्ता आणि गेटवे बरोबर आहेत, गेटवेला पिंग (उत्तर येतं का हे बघायची आज्ञा) लागतं, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यालाही लागतं, पण साइटी उघडत नाहीत, असं असेल तर दोष डीएनएसचा. कोणी तरी लॅपटॉपमध्ये हाताने डीएनएस किंवा अख्खा पत्ताच लिहून ठेवलाय का ते बघा. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये हे नेहमी सापडतं.

आता मुख्य दुरुस्ती. ती फक्त वरच्या राउटरवर करायची. कंपनीच्या डब्याला हात लावायची गरज नाही, आणि पुष्कळदा तिथली सेटिंग कुलूपबंदच असतात.

वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जा आणि ‘ऑपरेशन मोड’ असं पान शोधा. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक राउटरमध्ये ते असतं आणि त्यात ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ हा पर्याय असतो. तो निवडून सेव्ह केलं की राउटर स्वतः पत्ते वाटणं थांबवतो आणि खालचं नेटवर्कच वर पसरवतो. वायर आहे त्याच पोर्टात चालते. यानंतर त्याचं सेटिंगचं पान जुन्या पत्त्यावर उघडणार नाही. घाबरू नका, राउटर बिघडलेला नाही. त्याला आता खालच्या डब्याकडून नवा पत्ता मिळालाय आणि तो खालच्या डब्याच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सापडतो.

राउटर जुना असेल आणि हा पर्याय नसेल तर तेच काम हाताने होतं, पण क्रम सांभाळा. आधी वायर काढून ठेवा आणि लॅपटॉप थेट वरच्या राउटरला जोडा. त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून खालच्या नेटवर्कमधला एक मोकळा पत्ता द्या, आपल्या उदाहरणात १९२.१६८.२९.२५०. हा पत्ता खालचा डबा ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा हवा, तो टप्पा खालच्या डब्याच्या डीएचसीपीच्या पानावर दिसतो. मग वरच्या राउटरवरचं डीएचसीपी बंद करा. शेवटी खालून आलेली वायर वॅन पोर्टात न घालता साध्या लॅन पोर्टात घाला. वॅन पोर्ट रिकामं राहील.

इथे अर्धवट दुरुस्ती फार लोकांना नडते. वायर लॅन पोर्टात हलवतात, पण डीएचसीपी चालूच राहतं. मग एकाच तारेवर दोघे पत्ते वाटतात आणि कोणाचा पत्ता आधी मिळेल त्यावर नेट चालणं न चालणं ठरतं. तेव्हा खाली हॉलमध्ये बसलेल्या टीव्हीचंही नेट अधूनमधून जाऊ लागतं आणि दोष टीव्हीवर येतो. दुसरी चूक त्याहून अवघड. डीएचसीपी बंद केलं, पण वरच्या राउटरचा पत्ता बदलला नाही, आणि योगायोगाने दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ च आहे. आता ‘१९२.१६८.१.१ कोण?’ असं लॅपटॉपने विचारलं की दोघंही हात वर करतात. वर बसलात तर वरचा आधी उत्तर देतो, आणि त्याच्याकडे बाहेर जायचा रस्ताच नाही. लक्षणं अगदी मूळ दुखण्यासारखी दिसतात, म्हणून माणूस म्हणतो, दुरुस्ती करून उपयोग झाला नाही. अशा वेळी ‘एआरपी वजा ए’ ही आज्ञा खाली आणि वर, दोन्हीकडे देऊन बघा. गेटवेचा आयपी पत्ता तोच, पण समोरचा हार्डवेअर पत्ता (उपकरणाचा स्वतःचा, कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) वेगळा दिसला तर हेच कारण.

आणखी एक धोका: दोन डब्यांमध्ये दोन वायरी घालू नका. ‘एक निघाली तर दुसरी असू दे’ म्हणून घातलेली दुसरी वायर अख्ख्या घराचं नेट बसवू शकते, कारण साध्या राउटरांना हे वर्तुळ ओळखता येत नाही आणि एकच संदेश आत फिरत राहतो.

दोन्हीकडचं वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तंतोतंत सारखा ठेवा. खाली डब्ल्यूपीए२ आणि वर जुना मिश्र प्रकार, असं असेल तर काही लॅपटॉप जागा बदलताना अडखळतात. चॅनल मात्र वेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ यांतले दोन घ्या, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर एकीकडे ३६ आणि दुसरीकडे १४९ चांगलं जमतं. मधले ५२ ते १४४ चॅनल घरात शक्यतो टाळावेत असं माझं मत आहे. तिथे रडार आहे का हे आधी तपासून मगच राउटर बोलायला लागतो, आणि लॅपटॉपही त्या चॅनलवर नवा डबा शोधायला जास्त वेळ घेतो.

वरच्या राउटरवर ‘गेस्ट’ नावाचं वेगळं वायफाय चालू असेल तर लॅपटॉप त्यावर जोडलेला नाही ना, ते बघून घ्या. त्याच्या नियमांनी उपकरणं एकमेकांपासून तोडलेली असतात.

एवढ्यावर बहुतेक घरांत काम संपतं, आणि एक मोठा फायदा पदरात पडतो. आता जिना चढताना लॅपटॉपचा पत्ता बदलतच नाही. चालू मीटिंग, ऑफिसचं व्हीपीएन, अर्धवट उतरलेली फाइल, या सगळ्यांची जोडणी त्या पत्त्याला बांधलेली असते. पत्ता बदलला की नेट परत आलं तरी व्हीपीएनवर पुन्हा लॉगिन करावं लागतं. पत्ता तोच राहिला तर क्षणभराच्या खंडानंतर सगळं चालू राहतं.

ज्यांच्या वरच्या राउटरला काहीच बदलता येत नाही, उदाहरणार्थ तो भाड्याच्या घराच्या मालकाचा आहे, त्यांनी निदान नावं वेगळी ठेवायला सांगावीत. दोन नेटवर्कांना दोन नावं असली की लॅपटॉप प्रत्येक वेळी नवा पत्ता मागतो. मीटिंग तुटेल, पण रेंज असून नेट नाही असा प्रकार होणार नाही.

आता उरतो तो लॅपटॉप. वर गेल्यावरही खालच्याच डब्याला चिकटून राहायचं ही त्याची खोड. जागा कधी सोडायची हे लॅपटॉप ठरवतो, राउटर फार तर सुचवू शकतो. अ‍ॅपलने आपल्या मॅकसाठी आकडा जाहीर केलाय: रेंज उणे ७५ डेसिबलच्या खाली जाईपर्यंत मॅक दुसरीकडे बघत नाही, आणि नवा डबा किमान १२ डेसिबलने सरस असेल तरच तिकडे जातो. आयफोनचा उंबरठा उणे ७०. म्हणजे फोन वरच्या डब्यावर आणि मॅक अजून खालच्यावर, हे त्यांच्या नियमाप्रमाणेच आहे.

विंडोजवर ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ या आज्ञेने लॅपटॉप कोणत्या डब्याला जोडलाय हे कळतं. त्यात बीएसएसआयडी (वायफायचं नाव एकच असलं तरी प्रत्येक डब्याची वेगळी असणारी ओळख) नावाची ओळ असते, खाली आणि वर ती वेगळी दिसली पाहिजे. वर बसूनही खालचीच दिसत असेल तर आधी दोष राउटरच्या जोराचा समजा. २.४ गिगाहर्ट्झची लहर स्लॅबमधून बऱ्यापैकी पार होते, ५ ची फार दमते. खालचा डबा २.४ वर पूर्ण जोर लावून ओरडत असला तर वरच्या खोलीतही त्याची क्षीण रेंज टिकते आणि लॅपटॉप तिला धरून बसतो. वरच्या-खालच्या दोन्ही डब्यांची २.४ ची शक्ती ‘मध्यम’ किंवा ‘कमी’ करा. शक्ती कमी केल्याने नेट सुधारतं हे लोकांना पटत नाही, पण दोन डबे असलेल्या घरात ते खरं आहे. खालच्या डब्याचं सेटिंग बंद असेल तर त्याची जागा जिन्यापासून थोडी दूर हलवा.

इंटेलच्या वायफाय कार्डात ‘रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस’ असा पर्याय डिव्हाइस मॅनेजरमध्ये मिळतो. त्याच्या पाच पायऱ्या असतात आणि मूळ सेटिंग मधलं. ते एक पायरी वर नेऊन बघा. थेट सगळ्यात वर नेऊ नका, नाही तर जिन्याजवळ बसल्यावर लॅपटॉप खाली-वर, खाली-वर करत राहील. तिथेच वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी असते, तीही काढून टाका. विंडोजमध्ये हार्डवेअर पत्ता रोज बदलायचा पर्याय चालू असेल आणि राउटरवर ठरावीक उपकरणांनाच प्रवेश असेल, तर तोही घरच्या वायफायपुरता बंद करा. ड्रायव्हर बदलायचाच तर यानंतर, आणि तोही लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरूनच घ्या.

एका डब्यावरून दुसऱ्यावर जाणं सोपं करणाऱ्या ८०२.११आर, के आणि व्ही या वायफायच्या सोयींबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. त्यातली आर ही सोय मुख्यतः मोठ्या ऑफिसांसाठी आहे, जिथे प्रत्येक जागाबदलाला वेगळ्या सर्व्हरकडून परवानगी घ्यावी लागते. घरच्या साध्या पासवर्डच्या वायफायवर ती देवघेव मुळातच छोटी असते. जुने प्रिंटर आणि काही जुने लॅपटॉप आर चालू असलेल्या वायफायला जोडलेच जात नाहीत. घरी आर बंद ठेवा. के आणि व्ही चालू असले तर असू द्यात.

वायर न टाकता वर रिपीटर (खालचं वायफाय पकडून पुढे पसरवणारा डबा) लावला असेल तर मोड बदलून भागणार नाही. रिपीटर बहुधा लॅपटॉपचा हार्डवेअर पत्ता जसाच्या तसा पुढे पाठवत नाही, स्वतःचा किंवा बनवलेला एक पत्ता लावतो. त्यामुळे तोच लॅपटॉप खालच्या डब्याला थेट जोडला की वेगळा भासतो आणि रिपीटरमागून आला की वेगळा, आणि जुनी नोंद पुसली जाईपर्यंत उत्तरं भलत्या वाटेने जातात. सर्वांत आधी वायर टाकता येते का ते बघा. जिन्याच्या कडेने किंवा बाहेरून पाइपातून एक चांगली केबल ओढली की हा प्रश्न कायमचा मिटतो. वायर अशक्यच असेल तर एकाच कंपनीचे मेश डबे (आपसात बोलून मिळून एकच वायफाय पसरवणारे) घ्या, आणि त्यांतला मुख्य डबाही कंपनीच्या डब्यामागे अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्येच लावा, नाही तर दोन नेटवर्कांची गोष्ट पुन्हा सुरू होईल.

दुरुस्तीनंतर लॅपटॉपवर ते वायफाय एकदा ‘फर्गेट’ करून नव्याने जोडा. मग खाली बसून गेटवेला सतत पिंग चालू करा, आज्ञेच्या शेवटी ‘वजा टी’ लावलं की ते थांबत नाही. लॅपटॉप उघडा ठेवून सावकाश वर जा, दोन मिनिटं थांबा, परत खाली या. मधे एखाद-दुसरं उत्तर चुकलं तर ठीक. ओळीने दहा-बारा चुकली आणि मग आपोआप सुरू झालं तर बीएसएसआयडी बघा: ती बदलायलाच उशीर लागला तर शक्तीचं बघायचं. ती लगेच बदलूनही उत्तरं उशिरा आली तर खालच्या डब्याला किंवा मधे वायरी जोडणारा स्विच असेल तर त्याला, लॅपटॉप हलल्याचं कळलेलं नाही. अशा वेळी मधला स्विच काढून वायर थेट जोडून बघा आणि वरच्या राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) नवं करा.

वीज जाते-येते अशा ठिकाणी दोन्ही डबे इन्व्हर्टरवर घ्या. एकटा वरचा डबा आधी उठला तर खालचा पूर्ण सुरू होईपर्यंत लॅपटॉप १६९.२५४ चा पत्ता घेऊन बसतो.

आणि वरच्या राउटरच्या पाठीवर एक कागद चिकटवून त्याचा नवा पत्ता, ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ आणि वायर कोणत्या पोर्टात आहे ते ठळक लिहून ठेवा. नेटची तक्रार बघायला येणारा माणूस पहिलं काम रीसेटचं बटण दाबायचं करतो, आणि रीसेट झाला की तो डबा पुन्हा पूर्ण राउटर बनून स्वतःचे पत्ते वाटायला लागतो.